शेजारच्या खुर्चीची जागा : घरून एकटीने काम करणारी सबटायटलर आणि तिचा सोशल मीडिया

ती सबटायटल करते. माहितीपट, मालिका, अधूनमधून प्रशिक्षणाचे व्हिडिओ. आधी चार वर्षं स्टुडिओत नोकरी केली, आता तीन वर्षं घरून, एकटी. स्टुडिओत तिच्या फाइली तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे ती अजून मला ताई म्हणते आणि त्यामुळेच गेल्या वर्षी एका दुपारी तिचा मला फोन आला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. एकदम म्हणाली, "ताई, आज सकाळपासून मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. आणि तरी डोक्यात नुसती गर्दी आहे. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, कुणाचा नवा प्रोजेक्ट. मला ह्यातलं काहीच नको होतं गं."

पुढचे सात महिने आम्ही दोघींनी हे प्रकरण धरून ठेवलं. ती नोंदी करायची, आम्ही आठवड्यातून एकदा त्यावर बोलायचो. नाव न देता लिहायला तिची परवानगी आहे.

सुरुवात एका वहीने झाली. फोन उचलला किंवा ब्राउझरमध्ये सोशल मीडियाची टॅब उघडली की तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कशासाठी उघडलं, बंद करताना हाती काय होतं. निदान दोन आठवडे. "कमी कर" असं मी मुद्दाम म्हटलं नाही. आधी दिसू दे काय होतंय, एवढंच.

पहिल्या दिवशीची पानं तिने मला पाठवली तेव्हा मधला रकाना जवळजवळ कोरा होता. कशासाठी, याला उत्तरच नव्हतं. तिला त्याची लाज वाटत होती. मला मात्र पहिला रकाना बघून काहीतरी वेगळं दिसायला लागलं. त्या वेळा वाटेल तशा नव्हत्या. शेजारी मी तिला त्या दिवशीच्या कामाची प्रगती लिहायला लावली आणि दोन्ही पानं जुळवून बघितली.

सबटायटलचं काम बाहेरून दिसतं तितकं सलग नसतं. वाक्य ऐकायचं, कुठे तोडायचं ते ठरवायचं, अक्षरं मोजायची. बऱ्याच ठिकाणी एका ओळीत ४२ अक्षरं आणि एका वेळी दोनच ओळी हा नियम असतो, आणि एक सबटायटल ७ सेकंदांपेक्षा जास्त वेळ पडद्यावर ठेवत नाहीत. शॉट बदलतो तिथे सबटायटल लोंबकळत राहिलं तर डोळ्याला खुपतं, तेही सांभाळायचं. म्हणजे दर मिनिटाला दहा-बारा छोटे निर्णय. तिच्या हाताने फोन उचलला होता तो बहुतेक वेळा अशा निर्णयावर अडल्यावर. त्याखालोखाल, फाइल पाठवून झाल्या झाल्या. आणि उरलेल्या वेळा होत्या सकाळी कामाला बसताना, दुपारच्या सुट्टीनंतर आणि संध्याकाळी.

स्टुडिओत या तिन्ही क्षणी काय व्हायचं ते मला चांगलं आठवतं, कारण मी तिथेच होते. अडलं की ती खुर्ची फिरवून शेजारच्याला विचारायची, "हे दोन ओळीत बसेल का रे?" फाइल गेली की कुणीतरी म्हणायचं, "झाली का? ती शेवटची मुलाखत भारी होती." आणि दिवस सुरू झाला, संपला, हे लोकांच्या येण्या-जाण्यातून आपोआप कळायचं. घरी आल्यावर यातलं काहीच उरलं नाही, पण मान वळवायची सवय राहिली. शेजारी खुर्ची नव्हती, फोन होता. म्हणून मान फोनकडे वळत होती.

हे सापडलं तेव्हा दोघींनाही हायसं वाटलं. तोवर ती स्वतःला व्यसनी म्हणत होती. व्यसन असतंही, नाकारायचं कारण नाही. फीडला तळ नसतो आणि तो तसा मुद्दाम केलेला आहे. न संपणारं स्क्रोल आझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये तयार केलं आणि पुढे त्याबद्दल त्याने उघडपणे खंतही व्यक्त केली. पण तिच्या बाबतीत मूळ ओढ फीडची नव्हती, ती माणसांची होती. ओढ खरी होती, हाती येत होतं ते चुकीचं. दोन्हींचं औषध एकच असू शकत नाही.

एकटेपणाची किंमत किती असते याचा एक पुरावा मी तिला सांगितला होता. सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस आपल्या कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिन्यांचा प्रयोग केला. ज्यांना घरून काम दिलं त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. येण्याजाण्याचा त्रास गेला, घरी शांतता होती. तरीही प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितलं तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले जवळपास निम्मे ऑफिसात परतले, आणि मोठं कारण होतं एकटं पडणं. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिला त्यातलं एकच वाक्य लागलं: "म्हणजे काम चांगलं होत असतानाही माणूस परत जातो." तिला परत जायला ऑफिस नव्हतं.

पहिला उपाय तिने स्वतःच केला आणि तो फसला. तिने सगळी ॲप काढून टाकली. चार आठवडे. मला आधी सांगितलं असतं तर मी थोपवलं असतं का, कोण जाणे; कारण या उपायाच्या बाजूने भक्कम संशोधन आहे. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीआधी काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. त्यांचा रोज सरासरी तासभर वाचला, आणि थोडं का होईना, पण त्यांना बरं वाटलं. बातम्यांची माहिती कमी झाली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं.

तिचाही वेळ वाचला. पहिला आठवडा छान गेला, झोप सुधारली. दुसऱ्या आठवड्यापासून फोनवर तिचा आवाज बदलला. तिसऱ्या आठवड्यात एका शब्दावर दीड तास अडून बसली आणि शेवटी ते वाक्य तिने इतकं सपाट केलं की मला तपासताना कळलं, हे हिचं नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाली, "ताई, आता डोक्यात गर्दी नाही. आता कुणीच नाही."

सगळं बंद करा हा सल्ला ऑफिसात बसणाऱ्याला स्वस्त पडतो. ॲप गेलं तरी शेजारची खुर्ची तिथेच असते. घरी एकट्याने काम करणाऱ्यासाठी गोंगाटाची खोली आणि येण्याजाण्याची वाट एकच असते. दार लावलं की दोन्ही बंद. सरासरी माणसाला बरं वाटलं म्हणून हिलाही वाटेल, असं धरून चालता येत नाही. हा सल्ला सरसकट देणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता मुख्य प्रसंग. ॲप परत टाकल्यावर दहा-बारा दिवसांनी तिच्याकडे नव्वद मिनिटांचा एक माहितीपट आला. वेळा (कुठलं सबटायटल कधी दिसायचं, कधी जायचं) आधीच लावलेली फाइल क्लायंटकडून आली होती, तिने फक्त भाषांतर भरायचं होतं. सुरुवातीला सगळं बरोबर. दहाव्या मिनिटाला सबटायटल माणसाने तोंड उघडायच्या किंचित आधी यायला लागलं. अर्ध्या तासाला स्पष्ट दिसत होतं. तिने तिथून पुढचा सगळा भाग दीड-पावणेदोन सेकंदांनी पुढे सरकवला. जुळला. वीस मिनिटं पुढे गेली, परत सुटला. परत सरकवला. असं चार वेळा केल्यावर तिला वाटलं, आपलंच सॉफ्टवेअर बिघडलंय. ते काढून पुन्हा टाकलं. संध्याकाळचे सात वाजले. सकाळी फाइल द्यायची होती.

एरवी ती अशा वेळी फीड उघडून बसली असती. त्या दिवशी वहीत "कशासाठी" लिहायचं म्हणून हात थांबला आणि तिने लिहिलं: विचारायला. मग सबटायटल करणाऱ्यांचा एक ग्रुप उघडला. तिथे ती दोन वर्षं होती आणि एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं. गोपनीयतेचा करार असल्यामुळे माहितीपटाचं नाव नाही, दृश्य नाही, संवाद नाही. फक्त तीन ठिकाणचा टाइमकोड, म्हणजे व्हिडिओतली नेमकी वेळ, आणि तिथे सबटायटल किती आधी येतंय ते आकडे.

नऊ मिनिटांनी उत्तर आलं. कुठल्या देशातली बाई होती तेही तिला ठाऊक नव्हतं. उत्तर म्हणजे एक प्रश्नच होता: फरक सगळीकडे तेवढाच आहे, की पुढे पुढे वाढत जातोय?

तिने आपलेच आकडे परत बघितले. दहा मिनिटांना ०.६ सेकंद. तीस मिनिटांना १.८. साठ मिनिटांना ३.६. वाढत जातोय, आणि अगदी सरळ प्रमाणात. मग पुढचं उत्तर आलं. फाइलच्या वेळा सेकंदाला २४ फ्रेम (म्हणजे चित्रं) धरून लावल्यात आणि व्हिडिओ चालतोय २३.९७६ ने. सगळ्या वेळांना १.००१ ने गुण, सुटेल. मागोमाग एक जास्तीचा निरोप, कुणी मागितला नसताना: १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा जुन्या संचांवरही चित्र नीट दिसावं म्हणून ३० फ्रेमचा वेग हजाराला एक या हिशोबाने उतरवून २९.९७ केला, तोच हिशोब पुढे २४ ला लागला, आणि आपण सगळे अजून तो निस्तरतोय.

मूळ फाइल परत घेतली, एका आज्ञेत सगळ्या वेळा गुणल्या, शेवटच्या मिनिटाला जाऊन बघितलं. जुळलं होतं. मला फोन केला तेव्हा रडत होती. काम सुटलं म्हणून नाही. "आपण सगळे म्हणाली गं ती."

त्या दिवशीच्या नोंदीत तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदा काहीतरी ठोस होतं: १.००१.

दुसऱ्या दिवशी तिने ग्रुपवर पूर्ण हकिकत लिहिली. काय दिसत होतं, मी काय चुकीचं करत होते, खरं कारण काय, ओळखायचं कसं. लाइक म्हणाल तर विसेक. पण पुढच्या दोन आठवड्यांत चार जणांनी तिला वेगळे निरोप पाठवले, त्यांच्या फाइलींचे आकडे देऊन. तिने चौघांनाही उत्तरं दिली. त्यातल्या एकाचा प्रश्न तिला येत नव्हता, तो तिने त्या पहिल्या बाईंकडे नेला. हळूहळू दहा-बारा माणसं झाली. कोण वेळा लावण्यात पक्कं, कोणाला गाण्यांचं भाषांतर जमतं, कोण ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी आवाजांची वर्णनं लिहितं, हे तिला पाठ झालं.

याच काळातली एक उलटी नोंदही सांगायला हवी. तिने "घरून काम करताना मी काय शिकले" अशी एक सर्वसाधारण पोस्ट लिहिली. ती जोरात पसरली. दोन दिवस ती आकडा बघत राहिली. शेकडो लाइक, अभिनंदनाच्या प्रतिक्रिया, आणि वहीत तिसरा रकाना रिकामा. मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्रॉट यांनी २०१६ मध्ये फेसबुकच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नेमकं हेच दिसतं: जवळच्या माणसाने मुद्दाम आपल्यासाठी लिहिलेल्या मजकुराने बरं वाटतं, एका टिचकीच्या पसंतीने किंवा सगळ्यांसाठी टाकलेल्या मजकुराने तसं होत नाही. तिचे ग्रुपवाले काही तिचे जिवलग नव्हते. तरी ती म्हणाली ते मला पटलं: "विसांनी माझं वाचलं होतं. शेकडोंनी नुसतं बोट लावलं."

मग आम्ही बदल केले ते याच धाग्याने. मॉनिटरच्या खाली एक कागद चिकटवला. उघडायच्या आधी त्यावर लिहायचं: विचारायचंय, सांगायचंय की कुणाला उत्तर द्यायचंय. यातलं काही नसेल तर उघडायचं नाही. उठून खिडकीशी जायचं. जवळपास तीनशे खाती तिने अनफॉलो किंवा म्यूट केली. निकष एकच ठेवला: या माणसाला मी कधी काही विचारेन का, किंवा हा मला? नातेवाईक म्यूट करताना तिला जड गेलं. मी म्हटलं, अगं, त्यांना फोन कर, फीडवर कशाला भेटतेस त्यांना. मुख्य पानावर न जाता थेट ग्रुप आणि निरोपांवर जायचं, त्याचे दुवे तिने ब्राउझरमध्ये वर लावले. नोटिफिकेशन फक्त कुणी नाव घेऊन विचारलं तर.

सगळ्यात अवघड होतं दुसऱ्यांच्या यशाचं. एका जुन्या सहकाऱ्याचं नाव मोठ्या मालिकेच्या श्रेयनामावलीत दिसलं आणि तिची एक दुपार वाया गेली. त्याला म्यूट करायचं का, यावर आमचा वाद झाला. ती म्हणाली करते. मी म्हटलं, आधी त्याला अभिनंदन लिही आणि एक खरा प्रश्न विचार, त्या मालिकेत दोघं एकदम बोलतात तिथे त्याने काय केलं. तिने विचारलं. त्याने तीन परिच्छेद लिहून पाठवले. तो म्यूट झाला नाही. सगळ्यांच्या बाबतीत हे चालेल असं नाही, पण बघत बसण्यापेक्षा विचारणं बरं, हे तिथे तरी खरं ठरलं.

कामही आलं. पाचव्या महिन्यात एका निर्मिती संस्थेने तिला लिहिलं. त्यांना वेळा सुटलेल्या जुन्या फाइलींचा मोठा साठा दुरुस्त करून हवा होता, आणि तिचं नाव सुचवलं होतं त्या चौघांतल्या एकाने, ज्याच्याशी तिचं उभ्या आयुष्यात सहा-सात वेळा बोलणं झालं होतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच दाखवलं होतं: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत, ज्याच्याकडून कळलं त्या माणसाला नेहमी भेटणारे १६.७ टक्केच होते, ५५.६ टक्के त्याला अधूनमधून भेटत होते. जवळच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. बातमी लांबून येते. लिंक्डइनवर पाच वर्षं, दोन कोटींहून जास्त लोकांवर झालेल्या प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला, त्यातही मध्यम पातळ ओळखीच नोकरीसाठी जास्त उपयोगी पडल्या. घरून काम करताना नेमक्या ह्याच ओळखी झिजतात. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा करोनाकाळात सगळे घरी गेल्यावर आपल्या गटाबाहेरच्यांबरोबर जाणाऱ्या वेळेचा वाटा सुमारे पाव हिश्शाने घटलेला दिसला. तिच्याकडे तर गटच नव्हता. तो तिने एकेका उत्तरातून उभा केला.

म्हणजे विचारायला कुणी आणि आपलं काम बघायला कुणी, या दोन गरजा सोशल मीडियाने भागवल्या, नीट वापरल्यावर. तिसरी भागेना. दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कुठलंही ॲप तिला सांगू शकलं नाही. सकाळी "जरा बघू" म्हणून ग्रुप उघडला की तिथे कुणाची तरी मध्यरात्र असायची, कुणाची दुपार. तिथे दिवस संपतच नाही. दोन महिने आम्ही वेळापत्रकं करून पाहिली, एकही टिकलं नाही.

तोडगा निघाला त्याच माणसांतून, पण ॲपच्या बाहेर. ग्रुपमधली एक जण, तिच्यासारखीच एकटी काम करणारी, म्हणाली, सकाळी साडेनऊला कॉलवर बसूया का? बोलायचं नाही. कॅमेरा बंद, आवाज चालू. पन्नास मिनिटं आपापलं काम. आमची ही आधी साशंक होती. पहिल्या दिवशी तिने मला लिहिलं: "तिच्या कीबोर्डचा आवाज येतोय. मधेच ती एक वाक्य पुटपुटते, मोजते, परत पुटपुटते. मीही तेच करते हे मला माहीतच नव्हतं." संध्याकाळी सहाला परत दहा मिनिटांचा कॉल: आज काय झालं, उद्या काय. मग "चल, भेटू." हे "चल, भेटू" झालं की लॅपटॉप मिटायचा. आता पाच महिने चालू आहे. आजारपणाचे आणि प्रवासाचे दिवस सोडले तर खंड नाही.

वही तिने सहाव्या महिन्यात बंद केली. फोन अजूनही उचलला जातो, काही दुपारी फीड उघडतो आणि अर्धा तास जातो, विशेषतः एखादी फाइल दुरुस्तीसाठी परत आली असेल तेव्हा. मॉनिटरखालचा कागद मात्र बदलत राहतो; परवा कॉलवर तिने दाखवला तेव्हा त्यावर "उत्तर द्यायचंय" समोर तीन खुणा होत्या आणि "विचारायचंय" समोर एक.

सहाच्या कॉलनंतरची शांतता काही गेलेली नाही. दहा-बारा पातळ ओळखींनी घर भरत नाही, आणि तसं व्हावं अशी आशा ठेवणं चूकच होतं. त्या वेळी ती आता ग्रुप उघडत नाही, आईला फोन करते नाहीतर मला. गेल्या गुरुवारी तिने केला तेव्हा मी एक फाइल तपासत होते. म्हटलं, थांब, एवढा एक भाग संपवते. ती म्हणाली, "संपव ना, मी आहे." आणि फोन चालू ठेवून आम्ही दोघी आपापलं करत बसलो.